पिवळं फडकं

ऐक ना. फक्त ऐक, मध्ये बोलू नकोस, कारण मी एकदा थांबलो ना की मला परत तिथूनच धरता येणार नाही. एक माणूस आहे, पन्नाशी नुकतीच ओलांडलेला, दातांच्या लॅबमध्ये काम करतो. डॉक्टर नाही हं. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात आणि हा त्या मापावरून दात बनवतो, कॅप, कवळ्या, सगळं. लॅबमध्ये त्याला मायक्रॉन म्हणतात, तोंडावर म्हणतात, कारण केसाएवढा फरक त्याच्या बोटाला कळतो आणि तो फरक घालवल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. तर या मायक्रॉनकडे एक गाडी आहे. स्पोर्ट्स कार. दोन सीटची, कापडी टपाची, मोरपंखी, तेवीस वर्षांपूर्वी शोरूममधून कोरी आणलेली आणि आजही कोरीच म्हणावी अशी. रस्त्यावर उभी केली तर अनोळखी माणसं थांबून हात मागे बांधून बघतात, जणू हात पुढे आले तर काही तरी होईल. आता दिवस मंगळवार, वेळ दुपारचे पावणेदोन. मायक्रॉन टेबलाशी बसलाय, भिंगाच्या दिव्याखाली, कुणा बाईचा पुढचा दात रंगवतोय, म्हणजे कुंचल्याने पोर्सेलिनचा एकेक थर चढवतोय. लॅबचा डिलिव्हरीवाला पार्सलं न्यायला येतो, हेल्मेट काखेत, आणि सहज बोलावं तसं बोलतो.

"मागच्या मंगळवारी तुम्हाला एवढा हॉर्न दिला, तुम्ही बघितलंसुद्धा नाही."

"कुठे?"

"पुलावर. सव्वादोनला. टप उघडा, डोक्याला टोपी, एक हात बाहेर काढून मजेत. आम्ही आपले मागे धूर खात."

मायक्रॉन म्हणाला, मी इथेच होतो. डिलिव्हरीवाल्याने आधी त्याच्याकडे बघितलं, मग मालकाच्या केबिनकडे, आणि त्याला वाटलं की त्याला सगळं कळलं. आवाज खाली आणून म्हणाला, बरं, नव्हता तुम्ही, मी काही बघितलंच नाही, आणि डोळा मारून पार्सलं मोजायला लागला. बस. एवढंच झालं. कुंचला हातात होता तसाच होता, त्याच्या टोकाचा थेंबसुद्धा पडला नाही. पण पुढचा थर मायक्रॉनने लगेच चढवला नाही.

कारण त्या गाडीची काच तो कधी खाली घेत नाही. धूळ जाते. टप तर वर्षातून दोनदा, कापडाला मोड पडू नये म्हणून उघडायचा आणि परत लावायचा. हात बाहेर काढून ती गाडी चालवणारा माणूस तो नव्हताच, तेवीस वर्षांत कधीच नव्हता. आणि गाडीच्या किल्ल्या दोनच, एक त्याच्या खिशात आणि एक स्वयंपाकघरातल्या खणात, दोऱ्याच्या रिळांखाली. मग तो हात कुणाचा, हे त्याला डिलिव्हरीवाल्याचं वाक्य संपायच्या आतच कळलं होतं, आणि कळल्यावर जे वाटायला हवं ते काहीच वाटलं नाही. आश्चर्य वाटलं नाही. आता हे लक्षात ठेव, कारण त्याला स्वतःला पुढे याचाच त्रास झाला. आश्चर्य का नाही वाटलं.

शोरूममध्ये ती शेजारी उभी होती. लग्नाला चार महिने झाले होते. दाराच्या चकचकीत पत्र्यात दोघं दिसत होती, आखूड आणि रुंद, आणि ती त्या आरशातल्या स्वतःकडे बघून हसत होती. सेल्समन म्हणाला, साहेब, दोनच सीटा आहेत, पुढचा विचार केलाय ना? हा म्हणाला, आम्ही दोघंच आहोत. त्या वेळी ते फार छान वाटलं होतं दोघांनाही. पहिल्या महिन्यात ती गाडी चालवायची, त्याच्यापेक्षा चांगली चालवायची खरं तर, सैल हाताने, गुणगुणत. मग एकदा औषधांच्या दुकानापाशी वळताना मागचं चाक फुटपाथला घासलं. रिमवर ओरखडा आला, आगपेटीच्या काडीएवढा. तो उतरला, चाकापाशी उकिडवा बसला आणि त्या ओरखड्यावरून बोट फिरवत राहिला. ती शेजारी उभी. माणसं जात-येत होती. तिने विचारलं, फार खोल आहे का? तो म्हणाला, नाही, आणि बोट काढलं नाही. किती वेळ, ते त्याला आठवत नाही, तिला आठवतं. शेवटी तिने किल्ली त्याच्या दुसऱ्या, रिकाम्या हातात ठेवली आणि पलीकडच्या सीटवर जाऊन बसली. त्यानंतर तिने कधी मागितली नाही आणि त्याने कधी घे म्हटलं नाही. भांडण नाही, काही नाही. आणि पुढे मुलगी व्हायच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा यानेच टॅक्सी बोलावली. सीट फार खाली आहे, तुझ्या पाठीला त्रास होईल, असं म्हणाला. ती हो म्हणाली. टॅक्सीत बसताना तिने एकदा वळून गॅरेजच्या शटरकडे बघितलं, एवढंच. दोघांनाही माहीत होतं की प्रश्न पाठीचा नव्हता, सीटच्या चामड्याचा होता, पण ते वाक्य कुणी उच्चारलं नाही, आणि न उच्चारलेलं वाक्य घरात राहतं बघ, एखाद्या जड कपाटासारखं, त्याला वळसा घालून जायची सवय होते.

ती पोहायला शिकवते. मोठ्या तलावावर, लहान मुलांना. मंगळवारी तलाव साफ करतात म्हणून तिला सुट्टी. मंगळवार. मायक्रॉन कुंचला पाण्यात बुडवत होता, फडक्याला पुसत होता, आणि एकेक गोष्ट आपोआप येऊन शेजारच्या गोष्टीला चिकटत होती, मापातला वरचा दात खालच्या दातावर बसावा तशी. सीटच्या उशीला येणारा क्लोरिनचा वास. वर्षानुवर्षं रविवारी गाडीत बसलं की यायचा, आणि हा म्हणायचा, माझ्याच कॉलरला लागलेला असणार, एकाच पलंगावर झोपतो आम्ही. सीट. महिन्यापूर्वी गुडघे स्टिअरिंगला टेकत होते, एका खाचेने पुढे होती सीट, आणि याने हात खाली घालून ती मागे सरकवली होती आणि आरसा वर केला होता, काहीही विचार न करता, झोपेत अंगावरचं पांघरूण सारखं करावं तसं. आणि किलोमीटरचा आकडा. हे तर हसण्यासारखं आहे. गेली सहा वर्षं, दर रविवारी, तो आकडा त्याच्या आठवणीतल्या आकड्यापेक्षा नऊने पुढे असायचा, आणि केसाएवढा फरक ज्याला सहन होत नाही असा हा माणूस स्वतःला सांगायचा, जुनं मीटर आहे, जरा पळतं. नऊ किलोमीटर पळतं. घरापासून पूल साडेचार. जायचे साडेचार, यायचे साडेचार.

म्हणजे त्याला माहीत होतं. बघ ना, कसं असतं. त्याला माहीत नव्हतं आणि माहीत होतं. बोटांना माहीत होतं, नाकाला माहीत होतं, डोक्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो मनाशी म्हणाला, बरं, चालवते तर चालवते. एवढं काय. आणि हे म्हणता म्हणता त्याला रविवार आठवला. दोन वाजले होते तेव्हा. भिंतीवरच्या घड्याळात बरोबर दोन.

रविवारी त्याने ब्रेकचे पॅड बदलले होते. हे काम तो स्वतः करतो, गाडीला दुसऱ्याचा पाना लावू देत नाही. तुला माहीत असेल नसेल, सांगतो. चाक काढायचं, जुने पॅड काढायचे, नवे जाड असतात म्हणून आतले पिस्टन मागे ढकलायचे, नवे बसवायचे, चाक लावायचं. आणि मग, सगळ्यात शेवटी, आत बसून ब्रेकचं पेडल दाबायचं, दहा-बारा वेळा, हळूहळू, म्हणजे मागे गेलेले पिस्टन पुढे येऊन पॅडला टेकतात आणि पेडल घट्ट होतं. हे नाही केलं तर गाडी दिसायला ठीक, चालू होणार, पुढे जाणार, आणि पहिल्यांदा ब्रेक मारशील तेव्हा पेडल सरळ जमिनीला. पायाखाली काहीच नाही. जिन्यात नसलेल्या पायरीवर पाय ठेवावा तसं. मायक्रॉनला हे झोपेतही माहीत आहे. त्या रविवारी दोन्ही पुढची चाकं लावून झाली, आणि मुलीचा फोन आला. मुलगी परगावी शिकते. हात काळे होते म्हणून बायकोने फोन त्याच्या तोंडासमोर धरला, आणि मुलगी म्हणाली, बाबा, अजून त्या आईच्या सवतीचंच चाललंय का, आणि तिघंही हसली. छान झालं बोलणं. मग हा परत गॅरेजमध्ये गेला, पाने पुसून पेटीत ठेवले, जॅक भिंतीला लावला, शटर ओढलं. पेडल दाबलं नाही.

आणि आता ते फडकं. लॅबमध्ये एक पद्धत आहे, हा लागला तेव्हाचा जुना मालक होता त्याने घातलेली. कुठलंही यंत्र उघडलं, काम अर्धं आहे, तर त्यावर पिवळं फडकं बांधायचं. फडकं आहे तोवर कुणी बटण दाबायचं नाही. काम पुरं झालं की ज्याने बांधलं त्यानेच सोडायचं. ही पद्धत याने घरी नेली. पाना हातात घेण्याआधी स्टिअरिंगला पिवळं फडकं, आणि सगळं संपल्यावर सोडून, चार घड्या करून, खिळ्याला. बायको पहिल्यांदा बघून म्हणाली होती, कुणासाठी बांधतोस, उंदरांसाठी? तो म्हणाला होता, माझ्यासाठी. आता लॅबमध्ये बसून त्याला पहिल्यांदाच सुचलं की सहा वर्षं ते फडकं आणखी कुणी तरी वाचत होतं. मंगळवारी शटर वर करायचं, काचेतून आत बघायचं. फडकं असेल तर परत घरात. नसेल तर किल्ली. म्हणजे तो तिच्याशी बोलत होता, दर आठवड्याला, न बोलता, आणि ती ऐकत होती, तिचा विश्वास होता त्याच्यावर. आणि या रविवारी फडकं बांधायचं राहिलं नव्हतं. बांधलं होतं. मग सोडलं होतं. त्याच्याच हातांनी सोडलं होतं, घड्या करून खिळ्याला लावलं होतं, ती चौथी घडी त्याला आत्ता बोटांत जाणवत होती. काम अर्धं असताना त्याने फडकं सोडलं. तेवीस वर्षांत एकदाही न झालेली गोष्ट.

घरासमोरची गल्ली उताराची आहे. खाली मोठा रस्ता, मालाचे ट्रक जातात. तर दोन वाजता या माणसाला हे सगळं माहीत होतं. फोन समोर होता, टेबलावर, पालथा. आणि आता मी जे सांगतो ते त्याने कुणालाच सांगितलं नाही. त्याने फोन उचलला नाही. त्याने तो रंगवलेला दात चिमट्यात धरला, भट्टीच्या चकतीवर ठेवला आणि बटण दाबलं. भट्टी आपली आपण वर जाते, तापते, खाली येते, अठरा मिनिटांचा कार्यक्रम असतो, तिच्यापाशी कुणी उभं राहायची गरज नसते. तो उभा राहिला. लहानशी खिडकी असते भट्टीला, तिच्यातून नारिंगी उजेड दिसतो, त्या उजेडात बघत राहिला. त्या अठरा मिनिटांत त्याने काय विचार केला? आधी त्याला तो हात दिसला, काचेबाहेर काढलेला, बोटं वाऱ्यात पसरलेली. मग शेजारची सीट दिसली आणि तिच्यावर कुणी बसलंय का ते बघायचा त्याने प्रयत्न केला. कुणी नव्हतं. कुणीच नाही हे कळल्यावर त्याला बरं वाटायला हवं होतं, पण उलटं झालं, जास्त लागलं. मग वाटलं, फोन केला तर तिला कळेल की मला माहीत आहे. सहा वर्षांचं ते काय होतं ते संपेल. मग वाटलं, ती आज जाणारही नाही, ढग आहेत. मग पंख्याचा आवाज, ग्राइंडरचा आवाज, मेण जळाल्याचा वास, आणि त्या सगळ्याच्या तळाशी एक अगदी शांत जागा, जिथे तो बसून नुसता कान देत होता. कशाला, ते त्याने स्वतःला विचारलं नाही. भट्टी खाली आली. दात सुरेख झाला होता. दोन वाजून अठरा मिनिटांनी त्याने फोन लावला.

वाजत राहिला. परत लावला. वाजत राहिला. आता मात्र तो ॲप्रनसकट तसाच दाराकडे निघाला, आणि त्या दातासाठी थांबलेल्या डिलिव्हरीवाल्याने ते बघितलं. पार्सलं बाजूला ठेवून म्हणाला, चला, बसा मागे. काय झालं विचारलं नाही, भला माणूस. पण गप्प बसणाऱ्यातला नव्हता, वाटेत वाऱ्यातून ओरडून सांगत होता की साहेब, बायका रागावतात, दोन दिवस गप्प बसायचं, तिसऱ्या दिवशी आपोआप जेवायला बोलावतात, माझा अनुभव आहे. मायक्रॉनने त्याच्या जाकिटाला धरलं होतं आणि प्रत्येक सिग्नलला स्कूटरचा ब्रेक लागला की त्याला तो आपल्या तळपायात लागत होता. घट्ट. परत घट्ट. गल्लीच्या तोंडाशी तो उतरला. तिथे ट्रक नव्हता, गर्दी नव्हती, काच नव्हती. रस्त्यावर दोन काळे पट्टे होते, मागच्या चाकांचे, उताराच्या अर्ध्यापासून सुरू होऊन वाकडे होत गेलेले, आणि ते जिथे संपत होते तिथून मोठा रस्ता दोन हातांवर. डिलिव्हरीवाला पट्ट्यांकडे बघून म्हणाला, कुणी तरी वाचलं बुवा. मायक्रॉन चढ चढायला लागला.

शटर अर्धं वर होतं. त्याने वाकून आत बघितलं. गाडी आत होती, पण नाक भिंतीकडे. तो नेहमी उलटी लावतो, नाक बाहेर. आणि तिरकी होती, घाईत घातल्यासारखी. ती आत बसली होती, ड्रायव्हरच्या सीटवर, टपाखाली, आणि एक आवाज येत होता, धप, मग जरा थांबून धप. ती पेडल दाबत होती. सावकाश. आणि इथे त्याच्याकडून एक गोष्ट झाली, एका क्षणाची. त्याची नजर आधी चाकावर गेली. मागच्या डाव्या चाकावर, रिमवर. मग तिच्यावर. तिने आरशात ते बघितलं.

"काही घासलेलं नाही," ती म्हणाली. "हँडब्रेक मारला."

"तुला लागलं?"

"आता घट्ट झालाय. बघ." धप. मग तिने तिचा फोन उचलून समोर धरला. "तुझे दोन कॉल आहेत. दोन अठरा, दोन एकोणीस. मी निघाले दोन वाजून पाच मिनिटांनी."

तो शटरखालून वाकून आत आला.

"सहा वर्षांत तू मला मंगळवारी या वेळेला कधी फोन केला नाहीस."

आता बघ त्याची गंमत. फोन केला नसता तर ती म्हणाली असती, चुकून झालं. फोन केला म्हणून तिला कळलं की याला माहीत होतं. आणि उशिरा केला म्हणून उरलेलं कळलं. तो सांगायला लागला की आजच कळलं, आत्ता, पावणेदोनला, डिलिव्हरीवाल्याने पुलावर बघितलं म्हणून, आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की आपण आपल्याच तोंडाने पावणेदोन म्हणालो. ती ते पावणेदोन आणि दोन अठरा एकमेकांशेजारी ठेवून बघत होती, हे त्याला तिच्या मानेवरून दिसत होतं. मग तिने खिळ्याकडे बोट दाखवलं. चार घड्यांचं फडकं.

"फडकं नव्हतं," ती म्हणाली.

"विसरलो."

ती हसली. मोठ्याने नाही, वाईट नाही, लग्नाआधी हसायची तसंच हसली. "तू?"

एवढंच म्हणाली. आणि खरंच, तिने तरी कसं मानावं? त्याने स्वतः मानलं नसतं. तेवीस वर्षं त्याने एकच गोष्ट सिद्ध केली होती, की मी विसरत नाही. गॅसचं बटण, दाराची कडी, पॅडचं शेवटचं पेडल. एकदा तरी दूध उतू घालवलं असतं, एखादा वाढदिवस चुकला असता, तर आज त्या विसरण्याला जागा मिळाली असती. तो तिला म्हणाला, तू कुठे जायचीस. खरं तर हे विचारायचं नव्हतं. ती म्हणाली, कुठे नाही, पुलापर्यंत. पुलावर हात बाहेर काढायचा आणि परत यायचं. मग ती उतरली, किल्ली त्याच्याकडे न देता स्वतःच्या ट्रॅकपँटच्या खिशात टाकली, आणि आत जाऊन भात लावला.

पुढचे चार दिवस घरात काहीच झालं नाही. म्हणजे खरोखर काही नाही. ती तलावावर गेली, आली, केस वाळवले. मुलीचा फोन आला तेव्हा दोघांनी तो नेहमीसारखा मध्ये धरला आणि मुलगी म्हणाली, काय, सवत बरी आहे ना? ती म्हणाली, अगदी ठणठणीत. रात्री शेजारी झोपताना तिच्या केसांचा क्लोरिनचा वास यायचा आणि तो उताणा पडून आपले हात छातीवर घेऊन त्यांच्याकडे बघायचा. यांना माहीत होतं का? हे असं असतं का, की डोकं मुलीशी हसत फोनवर बोलतंय आणि हात गॅरेजमध्ये जाऊन आपापलं काम करून येतात? बोटांनी सीट मागे सरकवली होती तशीच बोटांनी फडकं सोडलं का? लॅबमध्ये तो निळा कागद असतो बघ, दातांमध्ये चावायला देतात, जिथे जास्त लागतं तिथे डाग उमटतो. असा एखादा कागद आपल्या आत घालून चावून बघता आलं असतं तर, असं त्याला वाटायचं. फडक्याबद्दल तो शपथेवर सांगू शकला असता, मी विसरलो. बहुतेक सांगू शकला असता. पण त्या अठरा मिनिटांबद्दल नाही. तिथे डाग होता, आणि तिला तो दिसला होता, आणि ती त्याला काही म्हणत नव्हती, हेच फार भयंकर होतं. शुक्रवारी त्याची एक कॅप पेशंटला चावताना उंच लागली. परत आली. मालक म्हणाला, मायक्रॉन, बरं नाही का? सगळे हसले. सोळा वर्षांत पहिली परत आलेली कॅप.

मग रविवार. सकाळी तो उठला तर ती शेजारी नव्हती. वाटलं, स्वयंपाकघरात असेल. मग खालून आवाज आला, आणि तो आवाज त्याने इतक्या वेळा स्वतः केलाय की त्याला डोळे मिटूनही कळला. जॅक फरशीवर ठेवल्याचा. मग नट सैल होतानाची ती करकर. मग बराच वेळ काही नाही. मग पाना पेटीत टाकल्याचा आवाज, पुसून ठेवल्याचा नाही, टाकल्याचा. तो जिन्यात बसून ऐकत होता. खाली जाऊन विचारावं, काय करतेस? पण काय विचारणार, गाडीला हात का लावलास? हा प्रश्न त्याने तेवीस वर्षांपूर्वी बोटाने विचारला होता, आता परत तोंडाने विचारणार? पाऊण तास गेला. शटर पूर्ण वर गेलं, जिन्यात उजेड आला, गाडी सुरू झाली, आणि तो खाली उतरला. मधल्या दिवसांत कधी तरी तिने ती नाक बाहेर करून लावली होती, त्याच्यासारखी. टप उघडा. ती ड्रायव्हरच्या सीटवर, सीट एक खाच पुढे, हात काळे, कपाळाला ग्रीसचा डाग, आणि तेवीस वर्षांत ती इतकी सुंदर त्याला दिसली नव्हती, हेही त्याला त्या क्षणी कळलं.

"चल," ती म्हणाली. "पुलापर्यंत जाऊन येऊ. मी चालवते."

त्याने आधी स्टिअरिंगकडे बघितलं. फडकं नव्हतं. मग खिळ्याकडे बघितलं. तिथेही नव्हतं. मग तिच्या ट्रॅकपँटच्या खिशातून बाहेर आलेला पिवळा कोपरा दिसला. म्हणजे तिने बांधलं होतं आणि सोडलं होतं, किंवा बांधलंच नव्हतं, किंवा त्याला कळू नये म्हणून खिशात ठेवलं होतं, किंवा नुसते हात पुसले होते त्याला. चेहऱ्यावर काही नव्हतं. राग नाही, हसू नाही, सकाळी तलावाच्या काठावर उभी राहून एखाद्या पोराला ती म्हणत असेल ना, मार उडी, मी आहे, तसा चेहरा. त्याला वाटलं, पेडल एकदा दाबून दाखव म्हणावं. एकच वेळा. आवाजावरून कळेल मला. पण तसं म्हणणं म्हणजे काय म्हणणं, ते बघ. तू मला मारशील असं मला वाटतं. आणि असं ज्याला दुसऱ्याबद्दल वाटू शकतं त्याला ते कुठून सुचलं, हे तिला लगेच कळलं असतं. आणि नको म्हटलं, मी नाही येत म्हटलं, तर तेच, तेच कबूल केल्यासारखं. नुसतं बसायचं. पण त्या बाजूला पायाखाली पेडल नसतं रे. पाय लांब केले तरी नुसती चटई. पुढे उतार, उताराखाली मोठा रस्ता, आणि रविवार असला तरी ट्रक जातच होते, त्यांची माथी कुंपणावरून दिसत होती, एक, मग जरा वेळाने एक.

तिने हात लांब करून पलीकडचं दार आतून उघडलं आणि रिकाम्या सीटवर हलकेच थोपटलं. चामड्यावर तिच्या बोटांचे काळे ठसे उमटले, चार. त्याने ते बघितले आणि पहिल्यांदाच पुसायला हात पुढे केला नाही. गाडी चालूच होती. ती पुढे बघत होती, वाट बघत होती, घाई नव्हती तिला.

आता सांग. आता बोल, इतका वेळ गप्प बसवलं तुला. आत्ता, या घटकेला, तू त्या दारापाशी उभा आहेस आणि ती थांबली आहे. तू बसला असतास?